हिशोबाचं पान घेऊन जा: अनुभवी उद्योजकाकडून शिकायची रीत

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत पंचवीस-तीस वर्षं कारखाना चालवलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत निघतंच. नवी मुलं त्यांच्याकडे जातात, चहा पितात, 'कष्ट कर, चिकाटी ठेव, ग्राहकाला जप' एवढं ऐकून परत येतात आणि पुढच्याच महिन्यात तोट्याच्या दराने कोटेशन देऊन बसतात. यात त्या माणसाचा दोष फारसा नसतो. समोरच्याने 'मार्गदर्शन करा' असं म्हटलं की कुणीही मार्गदर्शनच करणार. त्याच माणसासमोर तुमचं शेवटचं बिल, त्यावर आलेली डेबिट नोट (ग्राहकाने कापलेल्या पैशांचा कागद) आणि बँकेचं स्टेटमेंट ठेवा, तो वेगळंच बोलू लागेल. त्याचा अनुभव कागद बघितल्यावर जागा होतो.

म्हणून हा लेख मुख्यतः भेटीआधीच्या आणि भेटीनंतरच्या कामाबद्दल आहे. प्रत्यक्ष भेट तासाभराची, आणि लोक नेमकी तेवढीच करतात. उदाहरणं जॉबवर्कची (दुसऱ्या कंपनीचे पार्ट मजुरीवर करून देण्याची) जास्त आहेत, कारण नाशिकमध्ये पहिला गाळा बहुधा मशीनिंगचा असतो. मसाले, बेदाणे, चिवडा किंवा सॉफ्टवेअर करत असाल तरी क्रम हाच.

## पायरी १: अडलंय कुठे ते एका ओळीत लिहा

'धंदा वाढत नाही' ही अडचण नव्हे, ती तक्रार झाली. अडचण अशी दिसते: 'महिन्याला दोन लाखांचं काम होतं, तरी १० तारखेला पगाराला पैसे नसतात.' किंवा 'तीन दुकानदार माल ठेवतात, पण दुसरी ऑर्डर देत नाहीत.' वाक्यात एक आकडा आणि एक प्रसंग आला की ते चाललं असं समजा.

तीन-चार अडचणी असतील तर सगळ्या लिहा, पण भेटीला एकच न्या. कुठली न्यायची हे ठरत नसेल तर जिच्यात पुढच्या महिनाभरात निर्णय घ्यावाच लागणार आहे ती न्या. मशीन बुक करायचंय, भाडेकरार संपतोय, एखादी पार्टी (काम देणारी कंपनी) वर्षभराचा दर मागतेय, असं काहीतरी. निर्णय जवळ असला की सल्ल्यालाही धार येते.

तपासून पाहा: तुमची ओळ धंद्यातल्या नसलेल्या मित्राला वाचून दाखवा. त्याने 'म्हणजे नक्की काय झालं?' असं विचारलं तर ती अजून मोघम आहे.

## पायरी २: हिशोबाचं पान तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सीएने केलेला ताळेबंद नेऊ नका. तो गेल्या वर्षाचा असतो, शिवाय आयकरासाठी केलेला असतो. तुमच्या हाताने लिहिलेलं, चालू महिन्याचं एक पान लागतं.

एका व्हीएमसी (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग) मशीनचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. महिन्याचा खर्च:

- मशीनचा घसारा (२४ लाखांचं मशीन, ८ वर्षं): २५,००० रुपये
- कर्जाचं व्याज: १८,०००
- गाळ्याचं भाडं, या मशीनच्या वाट्याचं: १५,०००
- वीज: १४,०००
- दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, पीएफ-बोनस धरून: ४४,०००
- इन्सर्ट (टूलची बदलायची पाती), टूल, कूलंट: १६,०००
- देखभाल: ६,०००
- टेम्पो, फोन, सीए, किरकोळ: १२,०००
- मालकाचा पगार: ३०,०००

बेरीज १,८०,००० रुपये. आठ-आठ तासांच्या दोन शिफ्ट आणि २५ दिवस धरले तर ४०० तास होतात. भागाकार केला की तासाला ४५० रुपये. पोरगं खूश होऊन ५०० रुपये तासाने कोटेशन देतं आणि पन्नास रुपये सुटले असं समजतं.

पण मशीन ४०० तास चालतच नाही. सेटिंगला वेळ जातो, मटेरियलचा टेम्पो उशिरा येतो, पहिला पीस पास होईपर्यंत थांबावं लागतं, ऑपरेटर गावाकडच्या लग्नाला जातो, कधी कामच नसतं. प्रत्यक्षात २४० तास चाललं तर तोच खर्च तासाला ७५० रुपये पडतो. म्हणजे ५०० च्या दरात तासामागे २५० रुपये खिशातून चाललेत, आणि काम वाढेल तसतसं हे कळायलाही उशीर होतो, कारण बँकेच्या खात्यात पैसे तर येताना दिसतात.

या पानावर दोन ओळी हटकून लिहायच्या राहून जातात. एक, मालकाचा पगार. 'मालकच आहे मी, मला कशाला पगार?' असं म्हणणाऱ्याने उद्या ताप आला तर त्याच्या जागी सुपरवायझर फुकट उभा राहणार आहे का, हे सांगावं. दुसरी, रिकामे तास. मशीनवर एक वही टांगा आणि ऑपरेटरला फक्त मशीन चालू कधी झालं, बंद कधी झालं, का झालं, एवढंच लिहायला सांगा. महिनाभराची ती वही कुठल्याही कोर्सपेक्षा कामाची आहे.

पानाच्या मागच्या बाजूला येणं लिहा: कुठली पार्टी, किती रक्कम, बिलाची तारीख, किती दिवस झाले. ९० दिवसांच्या पुढची येणी वेगळी काढा. सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट खातं) असेल तर साधारणपणे तेवढ्या जुन्या येण्यांवर बँक ड्रॉइंग पॉवर (उचलता येणारी रक्कम) देत नाही, म्हणजे कागदावर पैसे आहेत आणि हातात शून्य. दरमहा रिटर्न भरत असाल तर जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच असतो, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. अनुभवी माणूस पान उलटून आधी हेच बघतो.

खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर पान वेगळं दिसेल. एमआरपीपासून सुरुवात करा आणि एकेक वजा करत खाली या: दुकानदाराचं मार्जिन, वितरकाचं कमिशन, जीएसटी, पाकीट आणि लेबल, फुकट वाटलेले नमुने, मुदत संपून परत आलेला माल. शेवटची ओळ बहुतेकांनी लिहिलेलीच नसते.

इशारा: आकडे सुंदर करू नका. तोटा असेल तर तोटा लिहा. समोरच्याने आयुष्यभर असली पानं पाहिलेली असतात. सजवलेला आकडा त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि तो दिसला की त्याचा रस संपतो.

## पायरी ३: माणूस निवडा

सगळ्यांना गावातला सर्वांत मोठा उद्योजक हवा असतो. ज्याच्याकडे आज पाचशे माणसं आहेत त्याला पाच माणसांच्या गाळ्यातली अडचण आठवावी लागते, आणि आठवताना ती फार गोड होऊन येते. तुमच्यापेक्षा पाच ते दहा वर्षं पुढे असलेला माणूस बघा. त्याला पहिला ऑपरेटर सोडून गेल्याचा राग अजून ताजा असतो.

शोधायचं कुठे? सातपूरला निमा, अंबडला आयमा, सिन्नर-मुसळगाव पट्ट्यातल्या उद्योजकांच्या संघटना, लघुउद्योग भारती, महाराष्ट्र चेंबर. यांच्या कार्यक्रमांना जा, पण व्यासपीठावरच्या वक्त्याच्या मागे गर्दी करू नका. प्रश्नोत्तरात ज्याने नेमका प्रश्न विचारला त्याच्याशी बाहेर येऊन बोला. जिल्हा उद्योग केंद्र आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र योजना आणि प्रशिक्षणासाठी उपयोगी आहेत, दर कसा लावायचा यासाठी नव्हेत.

याहून चांगली वाट म्हणजे टूल आणि इन्सर्ट विकणारे डीलर. कोण वेळेवर पैसे देतो, कुणाच्या शॉपमध्ये शिस्त आहे, कुणाच्या गाड्या वाढल्या पण बिलं थकली, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. 'तुम्हाला वेळेवर पेमेंट करणारे तीन गाळे सांगा' असं विचारा. त्या तिघांत एखादा शिकवणारा निघतोच.

दोन प्रकारच्या माणसांकडे नवी मुलं जातच नाहीत. एक, मोठ्या कंपनीच्या परचेस किंवा क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले. नाशिकमध्ये बॉश, महिंद्रा, सिएट अशा कारखान्यांमुळे असे लोक कॉलेजरोडपासून इंदिरानगरपर्यंत राहतात. टेबलाच्या पलीकडून व्हेंडर कसा दिसतो, कोटेशन का नाकारलं जातं, हे तेच सांगू शकतात. दुसरे, ज्यांनी एक युनिट बंद केलं आणि दुसरं सुरू केलं. धंदा कुठल्या महिन्यापासून बुडायला लागला होता हे त्यांना तारखेसह सांगता येतं.

एकाच माणसाकडून सगळं शिकायचा हट्टही नको. दरासाठी एक, माणसं सांभाळण्यासाठी दुसरा, बँकेसाठी तिसरा असं चालतं.

इशारा, यांच्यापासून लांब राहा: पहिल्याच भेटीत हिस्सेदारीची भाषा करणारा. सल्ल्याच्या शेवटी स्वतःचं मशीन, सॉफ्टवेअर किंवा जागा विकणारा. हॉटेलच्या हॉलमध्ये 'शंभर दिवसांत उलाढाल दुप्पट' शिकवणारा, ज्याचा स्वतःचा धंदा म्हणजे तो कोर्सच. आणि तुमच्याच पार्टीला तोच पार्ट पुरवणारा स्पर्धक, तो कितीही सज्जन असला तरी.

## पायरी ४: वेळ मागा

आधी ज्याच्यामार्फत जाताय त्याची परवानगी घ्या, मग व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी. साधारण अशा:

'नमस्कार साहेब. अंबडला माझं एक व्हीएमसी मशीन आहे, जॉबवर्क करतो. आपला नंबर अमुक टूल्सवाल्यांनी त्यांच्या परवानगीने दिला. एका पार्टीला वर्षभराचा दर द्यायचा आहे आणि माझा तासाचा खर्च मला नीट कळत नाहीये. हिशोबाचं एक पान घेऊन येतो. आपल्या सोयीने चाळीस मिनिटं मिळाली तर बरं होईल.'

यात ओळख आहे, अडचण आहे, किती वेळ हवा ते आहे. 'आपल्यासारख्या थोर व्यक्तीचे आशीर्वाद' वगैरे काहीही नाही. चार दिवस उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. प्रेझेंटेशनची फाइल पाठवू नका, ती कुणी उघडत नाही.

वेळ कोणती मागायची यालाही अक्कल लागते. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कारखानदाराकडे जाऊ नका. द्राक्षाच्या निर्यातीतल्या माणसाकडे फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीत किंवा ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत गेलात तर तो उभ्या उभ्या बोलेल. लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याला लिलाव चालू असताना फोनही करू नका.

## पायरी ५: भेट

ऑफिसात बसायच्या आधी शॉपफ्लोअर बघायला मागा. स्क्रॅपचा डबा कुठे ठेवलाय, रिजेक्ट पीसवर लाल खूण आहे का, गेज (मापाची साधनं) कुठल्या पेटीत आहेत, पेंडिंग कामं फळ्यावर लिहिलीत की मालकाच्या डोक्यात. बोलण्यात येणार नाही ते इथे दिसतं. फोटो काढू नका. पार्ट आणि ड्रॉइंग दुसऱ्या कंपनीचं असतं.

मग बसा, ती एक ओळ सांगा आणि पान पुढे करा. पुढची पाच मिनिटं गप्प राहा. हे अवघड जातं, कारण आपल्याला प्रत्येक आकड्याचं समर्थन करायचं असतं.

अंबडच्या एका गाळ्यात असं एक बोलणं कानावर पडलं होतं. मुलगा दर वाढवून मिळत नाही म्हणून आला होता. काकांनी बिलांची फाइल चाळली.

'ही डेबिट नोट कसली?'

'रिजेक्शनची. चाळीस पीस.'

'मटेरियल कुणाचं?'

'पार्टीचंच, काका.'

'म्हणजे तुझी मजुरी गेली, वर मटेरियलचे पैसे कापले. कारण काय लिहिलंय?'

'बोअर ओव्हरसाइज. भोक मोठं पडलं.'

'बोअर कशानं मोजतोस?'

'व्हर्नियरनं.'

काकांनी फाइल मिटली. 'मग दराचं नंतर बघू. आधी बोअर गेज घे, आणि दर दहाव्या पीसला माप लिहायला लाव.'

मुलगा आला होता एका प्रश्नासाठी, गेला दुसरंच उत्तर घेऊन, आणि ते डेबिट नोट फाइलमध्ये होती म्हणून सापडलं. तोंडी सांगितलं असतं तर 'पार्ट्या अशाच असतात' यावर गप्पा संपल्या असत्या.

प्रश्न विचारताना 'मी काय करू?' ऐवजी 'तुम्ही तेव्हा काय केलंत?' असं विचारा. पहिल्याचं उत्तर सल्ला असतो, दुसऱ्याचं घडलेली गोष्ट. हे प्रश्न बहुधा काम करतात:

- कुठली ऑर्डर तुम्ही नाकारलीत, आणि कशामुळे?
- एक पार्टी एकूण कामाच्या निम्म्याच्या वर गेली होती का? ती थांबली तेव्हा काय झालं?
- पहिला चांगला माणूस सोडून गेला तो कशावरून? पगारावरून, की आणखी कशावरून?
- पैसे अडकले तेव्हा बँकेला आधी सांगितलंत की हप्ता चुकल्यावर?
- माझ्या पानावर कुठला आकडा तुम्हाला खोटा वाटतो?

शेवटचा प्रश्न विसरू नका. तो विचारला की समोरचा माणूस पेन हातात घेतो.

लिहून घ्या, वहीत. फोन पुढे ठेवून रेकॉर्डिंग केलं की माणूस जपून बोलू लागतो. चाळीस मिनिटं झाली की स्वतःहून उठा. ते 'बस रे' म्हणाले तर गोष्ट वेगळी.

नेहमीची चूक: वडिलांना किंवा मित्राला सोबत नेणं. वडील असले की बोलणं 'मुलगा हुशार आहे हो' या वळणावर जातं, आणि तोट्याचा आकडा पिशवीतच राहतो.

## पायरी ६: त्याच संध्याकाळी नोंदी चाळा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. अनुभवी माणसाने सांगितलेलं सगळं एकाच वजनाचं नसतं. नोंदींपुढे खूण करा: हे घडलेलं आहे, हे मत आहे, की हा त्या काळचा नियम आहे?

तिसऱ्या प्रकारात फसगत होते. ज्यांनी नव्वदच्या दशकात धंदा उभा केला त्यांना एमआयडीसीत भूखंड ज्या भावात मिळाला तो भाव आज नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्याआधीच्या व्हॅट-एक्साइजच्या युक्त्या आता निरुपयोगी आहेत. 'थोडं रोखीत ठेव' हा सल्ला तर थेट अंगाशी येतो: एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोखीने दिलेला धंद्याचा खर्च आयकरात सहसा वजावट म्हणून मान्य होत नाही, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर दंडाची तरतूद आहे.

'शब्दावर धंदा चालतो, पीओचा (लेखी खरेदी ऑर्डरचा) आग्रह कशाला' हेही ऐकायला मिळेल. ज्यांनी ते पाळलं त्यांच्याबद्दल आदर आहे. पण आज तुमच्या बाजूने कायदा आहे तो कागदावर चालतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात वजावट म्हणून मिळत नाही, ती प्रत्यक्ष देईल तेव्हाच मिळते. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र (एमएसएमई नोंदणीचं) मागू लागले आहेत. हे उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ व्यापाऱ्यासाठी नाही. उद्यम नोंदणी फुकट आणि ऑनलाइन होते. ती आधी करून ठेवा, वाद झाल्यावर नव्हे, आणि नंबर बिलावर छापा. मोठी पार्टी असेल तर बिल डिस्काउंटिंगच्या (थोडी कपात सोसून बिलाचे पैसे मुदतीआधी मिळण्याच्या) ट्रेड्स व्यवस्थेबद्दल विचारा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक केलेली आहे.

आणि तरीही कायदा माहीत असणं आणि पार्टीला नोटीस पाठवणं यात अंतर आहे. एकुलत्या एका पार्टीविरुद्ध थकीत पेमेंटची सरकारदरबारी तक्रार केली तर पैसे कदाचित मिळतील, काम मिळणार नाही. हे अंतर कधी पार करायचं, ते अनुभवी माणसालाच विचारायची गोष्ट आहे. म्हणून पुढच्या भेटीसाठी हा प्रश्न लिहून ठेवा.

तपासून पाहा: कायदा, कर, अनुदान याबद्दल जे ऐकलं ते सीएला किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घेतलंत का? ग्राहक, माणसं, दर याबद्दल जे ऐकलं ते सीएला विचारू नका.

## पायरी ७: एकच बदल, महिनाभर

भेटून आल्यावर अंगात येतं. दर बदलतो, ऑपरेटरला झापतो, नवीन सॉफ्टवेअर घेतो. महिन्याने कशामुळे काय झालं ते कळत नाही.

एक बदल निवडा, तो कसा मोजणार ते आधी लिहा. गेज घेतला तर चार आठवड्यांत रिजेक्शन किती पीसवरून कितीवर आलं. दर वाढवला तर आधी एकाच, तुलनेने लहान पार्टीला वाढवून बघा आणि ती किती काम कमी करते ते पाहा. दर आठवड्याला पेमेंटच्या फोनची वेळ ठरवली, तर ६० दिवसांच्या वरचं येणं महिनाअखेरीला किती उरलं.

इशारा: बदलाला पैसा लागणार असेल तर तो कुठल्या खात्यातून येतोय ते बघा. सीसीतून मशीन घेणं ही चूक नाशिकच्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत तुम्हाला कुणीतरी केलेली सापडेल. सीसी मालासाठी आणि येण्यासाठी असते. तिच्यातले आठ लाख लोखंडात अडकले की दोन महिन्यांत मटेरियलला पैसे नसतात, आणि नवं मशीन झाकून ठेवावं लागतं. मशीनसाठी मुदत कर्जच घ्या.

## पायरी ८: काय झालं ते कळवा

चार-सहा आठवड्यांनी तीन ओळींचा निरोप. 'साहेब, गेज घेतला. रिजेक्शन चाळीसवरून नऊवर आलं. दर अजून वाढवून मिळाला नाही, पण डेबिट नोट आली नाही.' सल्ला पाळला नसेल तरी कळवा आणि का पाळला नाही ते सांगा. ज्येष्ठांना राग सल्ला न ऐकल्याचा क्वचित येतो, गायब झाल्याचा येतो. दिवाळीच्या शुभेच्छांचा फॉरवर्ड म्हणजे कळवणं नव्हे.

दुसरी भेट या निरोपातून आपोआप मिळते. बहुतेक वेळा तेच म्हणतात, 'ये एकदा, पान घेऊन ये.'

## पायरी ९: दोघांनी उलट सांगितलं तर

सांगतीलच. एक म्हणेल कर्ज काढ आणि दुसरं मशीन लाव, दुसरा म्हणेल आहे तेच भरून चालव. दोघांतला शहाणा कोण हे ठरवत बसू नका. दोघांनाही विचारा: तुम्ही हे केलं तेव्हा हातात किती महिन्यांचं काम होतं, किती पार्ट्या होत्या, घरात दुसरी मिळकत होती का? ज्याने कर्ज काढलं त्याच्या घरी बायकोचा शिक्षिकेचा पगार चालू होता, असं निघतं. मग तुमच्या पानाशी कोणाची परिस्थिती जुळते ते बघा.

सध्या नाशिकमध्ये हा पेच सिंहस्थामुळे जास्तच पडतोय. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यासाठी रस्ते, मंडप, पाण्याच्या सोयी, पॅकिंग, खाणं, छपाई अशी कामं निघतात, आणि दोन वर्षांच्या मागणीवर दहा वर्षांचं भाडं आणि कर्ज घ्यायचा मोह होतो. ज्यांनी २००३ आणि २०१५ ची सिंहस्थं धंद्यात राहून पाहिली आहेत त्यांना जाऊन नेमकं विचारा: शेवटचं शाही स्नान झाल्यावर सहा महिन्यांनी तुमच्याकडे किती माणसं कामावर होती, आणि शेवटचं बिल कधी निघालं? माझं मत विचाराल तर अशा कामाला भाड्याचं मशीन, ठरावीक मुदतीची माणसं आणि आगाऊ रक्कम, यापलीकडे जाऊ नये. ठेकेदाराच्या हाताखालचा ठेकेदार म्हणून काम घेत असाल तर त्याहूनही जपून. त्याला पैसे आल्यावर तुम्हाला, ही अट तोंडी असते आणि ती पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही.

## मर्यादा, आधीच ठरवून ठेवा

ज्याच्याकडून शिकता त्याच्याकडून उसने पैसे मागू नका, आणि बँकेला जामीनही राहायला सांगू नका. त्या दिवसापासून तो तुमच्याकडे देणेकरी म्हणून बघू लागतो आणि खरं बोलणं बंद होतं. 'साहेबांनी पाठवलंय' असं सांगून त्यांच्या ओळखीच्या परचेस मॅनेजरकडे जाऊ नका, त्यांनी स्वतः फोन केला असेल तरच जा.

पार्टीचं ड्रॉइंग, त्यांचा दर, दुसऱ्या व्हेंडरचं नाव, हे भेटीत दाखवायचं नाही. पार्टीच्या नावाजागी 'क', 'ख' लिहा, आणि बिल किंवा डेबिट नोट दाखवताना नाव आणि दर झाका. समोरचा माणूस समजून घेतो, उलट तुमच्याबद्दल त्याचं मत चांगलं होतं, कारण उद्या त्याचीही गोष्ट तुम्ही बाहेर नेणार नाही हे त्याला कळतं.

पुढे कधी त्यांनीच भागीदारीचा विषय काढला तर आनंद झाला तरी त्याच दिवशी हो म्हणू नका. ती बैठक वेगळ्या दिवशी घ्या, तुमच्या सीएला बसवा. पैसे कोण किती घालणार, सही कुणाची चालणार, नफा काढायचा कधी, आणि वेगळं व्हायचं झालं तर मशीनची किंमत कोण ठरवणार, हे करारपत्रात लिहून घ्या. चौथा मुद्दा लिहायला दोघांनाही संकोच वाटतो. सीएने काढलेल्या मसुद्यात तो आधीपासून असेल अशी व्यवस्था करा, म्हणजे कुणालाच तोंडाने काढावा लागत नाही.